वाढत्या मापाची रायफल

तुम्हाला गंमत सांगते, आमच्या ह्यांनी रायफलसुद्धा वाढत्या मापाची घेतली. जर्मनीत कार्ल्सरूहेला राहताना घरमालकांच्या नादानं हे शिकारीच्या परवान्याची परीक्षा पास झाले, मग दोघं पहिली रायफल निवडायला गेले. घरमालक म्हणाले, "हरणाला लहान कॅलिबर, म्हणजे बारीक गोळीची रायफल पुरे. धक्का कमी बसतो."

"आणि पुढे रानडुक्कर मारायचं झालं तर?" म्हणत ह्यांनी दुकानातलं सर्वांत मोठं कॅलिबर उचललं.

रविवारी हरणाच्या रश्श्याला शेजारीही बोलावून ठेवले. पहिल्याच बाराला हरीण पळालं आणि हे आडवे झाले. पाहुण्यांनी उकडलेले बटाटे खाल्ले.

मी ह्यांचा खांदा शेकत होते. हे कण्हत म्हणाले, "होईल गं सवय."

म्हटलं, "होईल की. सासूबाईंनी वाढत्या मापाचा शिवलेला लग्नातला कोट तरी अजून कुठं अंगाला बसलाय?"