पंधराव्या मिनिटानंतर

राजनंदिनी : चाळीसपैकी सात? मॅडम, हे माझेच गुण आहेत का नक्की?

राजश्री मॅडम : तुझेच. पोलंडच्या अगाताशी ऑनलाइन इंग्रजीतून बोलायचं होतं. तू काय केलंस? एकदा "हॅलो, वेट" म्हणालीस, फोन कुठंतरी टेकवलास आणि मग दहा मिनिटं नुसतं "धर, ओढू नको, पाणी आण". सगळं मराठीत. सात दिले तेच पुष्कळ.

तानाबाई : मेंढी अडली हुती, मॅडम. तिला काय हात जोडून म्हनायचं हुतं का, घटकाभर दम धर, पोरीचा फोन हाय?

राजश्री मॅडम : आपण कोण?

तानाबाई : हिची आय. वळसंगास्नं आले. त्या फोनमदी दिसत्यात ते हात माजंच.

राजनंदिनी : आये, मी बोलते की. मॅडम, चोवीस पडले नाहीत तर पुढच्या सत्रात मला या ऑनलाइन भेटींत घेणार नाहीत. आणि मला त्यांत राहायचंच आहे. तुम्ही पुढचं ऐकलंत का?

राजश्री मॅडम : सेहेचाळीस जणांची रेकॉर्डिंग आहेत बाई, एकेक पाऊण तासाचं. शितावरून भाताची परीक्षा करावीच लागते.

तानाबाई : पन भात चुलीवर चढायच्या आदीच शीत काडलं की तुमी!

राजनंदिनी : गुणांच्या तक्त्यात "सलग दहा मिनिटं संभाषण" आहे. पहिलीच दहा, असं कुठं लिहिलंय? पंधराव्या मिनिटापासून लावा.

राजश्री मॅडम : फार खात्री दिसतेय.

राजनंदिनी : आहेच. व्याकरण चुकलंय, मला माहितीय. त्याचे कापा. पण बोललेच नाही असं म्हणू नका.

राजश्री मॅडम : बरं, लावते.

(लॅपटॉपवर रेकॉर्डिंग सुरू होतं.)

अगाताचा आवाज : राज, इज शी डाइंग?

राजनंदिनीचा आवाज : नो, नो! वन लेग बॅक साइड. माय मदर पुट हँड, मेक स्ट्रेट. नाउ टू लेग कम, देन हेड. यू सी. डोन्ट क्राय.

राजश्री मॅडम : रडत होती ती?

राजनंदिनी : शहरातली आहे. घाबरून फोन ठेवायला निघालेली. मी ठेवू दिला नाही.

अगाताचा आवाज : व्हाय इज शी लिकिंग द बेबी?

राजनंदिनीचा आवाज : फॉर स्मेल. नाउ शी नेव्हर फरगेट. हंड्रेड बेबी कम, शी नो हर बेबी.

राजश्री मॅडम : वर्गात तर तुझं तोंड उघडत नाही.

राजनंदिनी : वर्गात "युवर हॉबी काय" विचारतात, मॅडम. माझ्या हॉबीचं कुणाला काय पडलंय? अगाताला खरंच कळून घ्यायचं होतं.

राजश्री मॅडम : थांब, ऐकू दे... तिचे प्रश्न, तुझी उत्तरं. एकदाही अडली नाहीस. तिला समजलं नाही तिथं दुसऱ्या शब्दांत सांगितलंस. दहाच्या वर मिनिटं झाली की! चुकलं माझं. कामाच्या रगाड्यात पहिली दहा मिनिटं ऐकायची आणि बंद करायचं, अशी सवयच लागली. व्याकरणाचे कापूनही एकतीस होतात.

राजनंदिनी : कापा की, बिनधास्त.

तानाबाई : एकतीस म्हंजी पास व्हय?

राजश्री मॅडम : पास, आणि पुढच्या सत्रातही. बाकीच्यांचीही परत ऐकते आता. पण शेवटी अगाता हे काय म्हणतेय? इंग्रजी वाटत नाही.

राजनंदिनी : मराठी आहे. दुसऱ्या भेटीत शिकवलं होतं मी. त्याला तक्त्यात रकाना नाही.

तानाबाई : मला इचारत हुती, जेवलात का म्हनून. चार वाजून गेलं हुतं. सकाळधरनं मी त्या मेंढीपाशीच. त्या दिशी जेवायचं इचारलं ते तिनंच.

राजनंदिनी : आये... आजबी जेवली न्हाईस न्हवं तू?

तानाबाई : आदी तुजं मार्क बगू म्हनलं.