बावतीससाठी ठेवलेली शीर

मी मूळची वसईची, वाडीवरची. आमच्या घरात पाय सगळ्यांचे असेच, आईचे होते, मावशीचे होते, पोटरीवर निळ्या शिरा वर आलेल्या, गाठी गाठी, आणि त्याला कोणी आजार म्हणतच नसे. उभं राहून कामं करणाऱ्या बाईचे पाय असेच व्हायचे, असं आई म्हणायची. मग दिवसभर बसून हार ओवणाऱ्या मावशीचे का झाले, ते नाय कोणी विचारलं. गरम पाण्यात पाय, वर खोबरेल, खसाखसा चोळायचं आणि झोपायचं. इथल्या डॉक्टरने नंतर सांगितलं की गरम पाण्याने त्या आणखी फुगतात. असो. लग्न झालं, मिस्टरांच्या व्हिसावर आम्ही मेलबर्नला आलो, शहराच्या कडेला ट्रुगानिनाला घर घेतलं, आणि मी एज्ड केअरच्या किचनमध्ये लागले, तिथेच आहे अजून. म्हाताऱ्यांचं जेवण मऊ करून द्यायचं, ट्रॉल्या ढकलायच्या, उभ्यानेच सगळं.

बावतीस माझा धाकटा भाऊ, एकुलता एक. आईवडील गेल्यावर घर बंद नको म्हणून तो तिकडेच राहिला, वेल्डिंगचं दुकान त्याचं. त्याच्याही पायाला हेच. पण पुरुषाला कसल्या शिरा, बायकांचं दुखणं ते, असं लोक हसायचे म्हणून हा मेला कधी हाफ पँट घालायचा नाय. शेवटी एकदा आंघोळीत शीर फुटून रक्त आलं तेव्हा डॉक्टरकडे गेला, आणि तिकडे जुन्या पद्धतीने दोन्ही पायांतल्या शिरा ओढून काढल्या. काही वर्षांनी त्याच्या छातीत भरून यायला लागलं. डॉक्टर म्हणाले, सध्या गोळ्या घ्या, पुढे कदाचित बायपास. आणि दुकानावर कोणीतरी त्याला सांगितलं की बायपासला पायातली शीर काढून लावतात. लगेच मला फोन. अगं, माझ्या तर काढून टाकल्या, आता हार्टला काय सुतळी लावणार का हे लोक? हसत होता, पण घाबरलेला, मला कळतं ना. मी म्हटलं, माझी घे. बहिणीची किडनी चालते, रक्त चालतं, शीर का नाय चालणार? आणि माझी केवढी जाडजूड आहे, बघ तरी. झालं, ते ठरलंच. कोणा डॉक्टरला विचारावं असं दोघांनाही सुचलं नाय.

मग काय सांगू तुम्हाला, त्या पायाला मी कोणाला हात लावू दिला नाय. इथला जीपी, म्हणजे आपला फॅमिली डॉक्टर, म्हणाला, लेझरने बंद करू, त्याच दिवशी चालत घरी जाल. लेकीने, शॅरलने, अपॉइंटमेंट घेतली, मी कॅन्सल केली. प्रत्येकाला वेगळं सांगायची. मिस्टरांना म्हटलं, या वयात मला कुठे स्कर्ट घालून मिरवायचंय? कामावर एक पंजाबी नर्स आहे, ती मागे लागायची, दीदी, दिखाओ किसी को, तिला म्हटलं, महिनाभर झोपून राहिले तर शिफ्ट जाईल. खरं नाय सांगितलं कोणाला, हसले असते. घोट्याजवळची कातडी काळी पडली, खाज सुटायची, मग ट्रॉलीची कड लागली आणि ती जखम काही भरेना. भरेना तर भरेना. दर रविवारी चर्चमधल्या मिस्सेनंतर बावतीसचा फोन यायचा, काय गं, माझा माल नीट सांभाळतेस ना? मी म्हणायची, सांभाळतेय रे बाबा, तू आधी तुझं मटण कमी कर.

ईस्टर झाला आणि तो गेला. दुकानाचं शटर ओढलं, पायरीवर बसला, तिथेच. हॉस्पिटल नाय, बायपास नाय, कोणी शीर मागितलीच नाय. माती झाली ती मी फोनवर पाहिली. रडू नाय आलं. दुपारची, आर्वो शिफ्ट होती, गेले, बटाटे कुस्करले, वाढले, घरी आले. त्यानंतर सगळे दिवस तसेच. शॅरलला मीच म्हटलं, घे ती अपॉइंटमेंट.

तिथे आधी स्कॅन केला, स्क्रीनवर दाखवलं, रक्त वर जायच्या ऐवजी कसं खाली परत येतंय ते. सुई लावायच्या आधी मी विचारलं, डॉक्टर, ही बंद करण्याआधी सांगा, ही माझ्या भावाच्या हार्टला लागली असती का? शॅरल मध्येच म्हणाली, व्हॉट आर यू सेइंग, मम? डॉक्टर तरुण होती, पण थांबली, स्टूल ओढून माझ्याजवळ बसली. म्हणाली, नाही. बायपासला ज्याची त्याचीच लागते, आणि पायातली नसली तर छातीतली, हातातली घेतात, त्याचं काही अडलं नसतं. आणि ही तर तुम्हालासुद्धा उपयोगाची नव्हती. फुगलेली शीर मजबूत नसते, आतून ढिली पडलेली असते.

मग केलं त्यांनी लेझर. मी चालत गाडीपर्यंत आले. एक शीर बंद केली तर रक्त जाणार कुठून, अशी भीती होती ना, तर ते आतल्या चांगल्या शिरांतून जातं म्हणे. जखम भरली. घट्ट स्टॉकिंग्ज घालते, कामाला जाते.

त्या दिवशी परत येताना गाडीत शॅरल म्हणाली, सो यू कुडन्ट हॅव सेव्ह्ड हिम, मम, दॅट्स गुड, राइट? हो म्हटलं. बरं वाटायलाच हवं होतं. नाय वाटलं, वाईटही नाय वाटलं. तुमच्या घरात कोणाचे पाय असे असतील तर दाखवून घ्या वेळेवर, देव तुमचं भलं करो. माझा आता अजिबात दुखत नाय. दुखायचा तेव्हा मी बावतीससाठी काहीतरी करतेय असं वाटायचं.