हेमराजनं परवानगी कुणाची घेतली?

मंडळी, ऐका! डोळे मिटू नका, आजचा विषय झोपेचा नाही! एकच प्रश्न विचारतो – परवानगी मिळाली, म्हणजे झालं का? सरकारनं हो म्हटलं, बापानं हो म्हटलं, बायकोनं… जाऊ द्या, ती समोरच बसलीय! सगळ्यांनी हो म्हटलं तरी एक जण विचारायचा राहतोच. तो कोण? पेटीवाले, सूर धरा!

घाटाखाली हेमराज गायकर नावाचा एक माणूस. धंदा काय? – बिअर बनवायचा! बघा, बघा, मागची पोरं कशी सरसावून बसली! आणि पुढच्या माई नाकाला पदर लावतायत! माई, घाबरू नका, बुवानं थेंबसुद्धा घेतलेला नाही. पण देव कुठं दिसेल याचा काही नेम आहे का? मला तो गायकरांच्या कारखान्यात दिसला. विठ्ठल, विठ्ठल!

आता बिअर होते कशी? जव भिजवायचे, मोड आणायचे, उकळून गोड काढा करायचा. इथपर्यंत माणसाचं काम. पुढं? पुढं माणसानं बाजूला व्हायचं! पुढचं सगळं यीस्ट करतं. यीस्ट म्हणजे जीव बरं का! हात नाही, पाय नाही, डोळ्याला दिसत नाही – आणि साखर खाऊन तिची दारू करतो! कोणी शिकवलं हो त्याला?

हेमराजकडचं यीस्ट विकतचं नव्हतं. त्याची बायको कुंदा, शिकलेली बाई. तिच्या वडिलांनी बांधावर एक जांभूळ लावलं होतं. त्या जांभळांच्या सालीवरून तिनं तो जीव उतरवला, बरणीत वाढवला. पुढं वडील गेले. रस्ता रुंद झाला, झाडही गेलं. मग त्या झाडाचं या जगात उरलं काय? बरणीच्या तळाचा तो गढूळ साका, म्हणजे तेच यीस्ट, बस! म्हणून कुंदाचा नेम असा – टाकी लावायच्या, म्हणजे काढा आंबवायला घालायच्या आधी थोडा साका बाजूला काढायचा, बरणीला हळदकुंकू लावायचं, आणि मग उरलेला टाकीत सोडायचा.

अन् एक दिवस काय झालं – बिअर किती कडक करायची, त्याची मर्यादा सरकारनं सैल केली! झालं! फोनावर फोन! शहरातला एक हॉटेलवाला म्हणाला, "गायकरशेठ, आमच्या उद्घाटनाला असली जबरदस्त बिअर द्या, की लोकांनी नाव काढलं पाहिजे!" हेमराजचे पाय जमिनीवर राहतायत कशाला? कुंदा चुलतबहिणीच्या लग्नाला माहेरी गेलेली. फोनवर म्हणाली, "अहो, मी आल्यावर लावू." हा म्हणतो, "अगं, सरकारनंच परवानगी दिलीय! आता कुणाची वाट बघायची?"

आणि लावली टाकी! जव दुप्पट, वर गुळाच्या ढेपा – आणि बरणीतला साका सगळाच्या सगळा! बाजूला काढायला विसरला का? छे! जोर जास्त हवा तर यीस्ट जास्त हवं, असं याचं गणित! सुरुवातीला काय ती खळबळ! बुडबुडे, फेस, टाकी नुसती गर्जत होती. आणि मग… चिडीचूप. चाखून बघितलं, तर गोडमिट्ट, अर्धंकच्चं. मग यानं काय केलं सांगा? "आळशी झालेत लेकाचे!" म्हणाला, आणि आणखी गूळ ओतला!

कुंदा आली. रिकामी बरणी बघितली, टाकीला कान लावला. एक थेंब काचेवर घेतला, त्यात निळं औषध घातलं, काच सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली. "मेलेला असेल तो निळा होतो. जिवंत असेल त्याला रंग चढत नाही. बघा तुम्हीच."

हेमराजनं डोळा लावला. निळं! जिकडंतिकडं निळं! मंडळी, निळा म्हटलं की आपल्याला तो सावळा आठवतो, आपोआप हात जुळतात. हेमराजचे हात काच सरकवत राहिले – निळ्याशिवाय काही दिसतंय का!

"अगं, यांना मारलं कुणी?"

"त्यांनीच केलेल्या दारूनं. तुम्ही घालत गेलात, ते खात गेले. त्यांना नको म्हणता येत नाही हो." आणि मग तिचा बांध फुटला. "माझ्या बाबांचं झाड होतं ते! आता कुठून आणू मी?"

त्याच दिवशी मी तिथं गेलो होतो, त्यांच्या कारखान्यातल्या पूजेचं ठरवायला. बघतो तर पूजा राहिली बाजूला, ही बाई टाकीच्या तळाचा साका काढून थेंब थेंब तपासतेय! डोळे लाल, पण उठायला तयार नाही. आणि एकदम म्हणाली, "बुवा, इकडं या!"

मी वाकलो. काय सांगू तुम्हाला! त्या निळ्या मढ्यांच्या गर्दीत एक एवढासा जीव – स्वच्छ, बिनरंगाचा! आणि त्याच्या अंगाला एक बारीक फुगवटा.

"हे काय गं पोरी?"

"बुवा, बाळंत होतेय ती. तो फुगवटा म्हणजे तिचं पिल्लू."

अंगावर काटा आला माझ्या! सगळं गणगोत मेलेलं, अन् ही वंश वाढवतेय! मी टोपी काढली, तिथंच नमस्कार केला. हेमराज बायकोकडं वळला. म्हणाला, "कुंदा, सांग, काय करू?" ती म्हणाली, "पातळ काढा करा. अगदी पातळ, घोटभर. आणि आता थांबायचं." त्यानं स्वतःच्या हातानं टाकीची तोटी उघडली, सगळा माल गटारात सोडून दिला.

तळाचा तो साका पातळ काढ्यात घालून तिनं बरणीत ठेवला, आणि पुढं बरणीत फेस धरला. पण उद्घाटन हुकलं ते हुकलंच! हॉटेलवाला तावातावानं आला. "अहो गायकर, परवानगी असून बिअर नाही म्हणता?"

हेमराज म्हणाला, "सरकारची आहे हो. यांची नाही." आणि त्यानं बरणीकडं हात केला.

आता तुमच्याकडं येतो! हसू नका! ज्याच्या जिवावर तुमचं चाललंय, त्याला विचारलंय कधी? पहाटेपासून उभ्या सुनेला? वर्षाला तीन पिकं मागता त्या जमिनीला? रात्रपाळीवर रात्रपाळी घेतोस, त्या तुझ्याच काळजाला? कायद्यात बसतं, समाजात चालतं, सगळं खरं! पण सोसायचं कुणाला आहे? आज घरी जाऊन एवढंच विचारा – "सोसतंय का गं? झेपतंय का रे?" आणि उत्तर येईपर्यंत थांबा. ज्याला बोलताच येत नाही, त्याच्यापाशी जरा जास्त वेळ थांबा.