भोपळ्यावरची छत्री

—अहो, तिथं पाय नका देऊ, कांदे आहेत! या पायवाटेनं या. आणि ती टोपी काढा आधी, घेवड्याच्या काठीला अडकेल— हां. लग्नाच्या गाडीचे ड्रायव्हर ना तुम्ही? पांढऱ्या फिती लावलेली गाडी मघाशीच दिसली मला गेटपाशी. जेनीननं पाठवलं असेल. 'बाबांना मळ्यातून उचला, मग मला घरून घ्या आणि थेट चर्चला चला', असंच म्हणाली ना? वाटलंच. लहानपणापासून नुसते हुकूम सोडते, आईवर गेलीय. तर तिला म्हणावं, बाप तयार आहे. बघा ना— सूट घातलाय, कोटाला फूल लावलंय, टाय तर दोनदा बांधलाय, गमबूट तेवढे बदलायचे राहिलेत. पण मला इथून हलता येत नाही. का म्हणजे? हातात छत्री दिसत नाही का तुम्हाला?

ऊन आहे, मान्य. ढग नाही, तेही मान्य. पण तुम्ही कधी भोपळा लावलाय? नाही ना? मग ऐका. ऑगस्टअखेरचं ऊन फार लबाड असतं. इतके दिवस थेंब नाही, त्यात टंचाई म्हणून नळीनं पाणी घालायला बंदी, बादल्या वाहून वाहून माझे खांदे गेले— आणि अशात एखादी सर आली ना, की हा तहानलेला गडी एका दमात सगळं पाणी पितो. आतून फुगतो, साल काही ताणली जात नाही, मग काय होतं? फट्कन फाटतो. आणि भेग गेली की उद्याच्या भोपळ्यांच्या प्रदर्शनातून बाद. नखाएवढी भेग असली तरी बाद, नियम आहे तो, उगीच नाही. आमचा तो डगी सायक्स, पलीकडच्या तुकड्यावरचा— हो, तोच, खुर्ची टाकून आपल्याकडे बघत बसलेला, हात करा त्याला, नाहीतर त्याला वाटेल आपण त्याच्याबद्दलच बोलतोय— त्यानं गेल्या वर्षी भेगेत मेण भरून वर हिरवा रंग लावला होता. पंचांनी बोट लावलं आणि बोट हिरवं झालं! अजून त्याच्याशी कुणी चहा घेत नाही. मी घेतो, पण बोलत नाही.

बघा तरी केवढा झालाय! अहो, दोघांनी उचलावा लागेल. देठातून लोकरीचा धागा ओवलाय, त्याचं दुसरं टोक त्या बरणीत, साखरपाण्यात, त्यातूनच पितो तो. वास ना? थोडी बिअर घालतो मी त्यात. थोडीच, उरलेली मी पितो, वाया कशाला घालवायची? खालची गोधडी जेनीनची, पाळण्यातली. तिला विचारून घेतलीय बरं का, चोरली नाही. दर रविवारी संध्याकाळी ती भोपळा मोजायला यायची, टेपचं एक टोक तिच्या हातात, एक माझ्या. आयलीन गेली— माझी बायको— त्यानंतर एक रविवार चुकवला नाही पोरीनं. तेवढ्यासाठीच तर हे भोपळ्याचं खूळ धरलं मी. गाजराला काय मोजायचं? गाजराला दुसरा माणूस लागत नाही.

आणि लग्न कुणाशी करतेय, माहितेय? पोरगा प्लास्टिकचं गवत विकतो! हसू नका. घराघरातलं जिवंत गवत उपटतो आणि सतरंजीसारखं हिरवं प्लास्टिक अंथरून देतो. पहिल्यांदा घरी आला तेव्हा माझे टोमॅटो खाऊन म्हणाला, 'छान आहेत, दुकानातल्यासारखे लागतात.' दुकानातल्यासारखे! तरी मी त्याला आणखी दोन वाढले. पोरगा चांगला आहे हो, तेच तर वाईट आहे. वाईट असता तर लग्न मोडता आलं असतं. आता तिला घेऊन कॉर्नवॉलला चाललाय, देशाच्या पार त्या टोकाला, तिकडं म्हणे प्लास्टिकच्या गवताला फार मागणी आहे.

काय? तारीख? हो, तारीख मीच काढून दिली. ती म्हणाली, 'बाबा, तुम्हाला हवेतलं कळतं, कोरडा शनिवार सांगा.' मी म्हटलं, ऑगस्टचा शेवटचा शनिवार, एक थेंब पडणार नाही, लिहून घे. माझा अंदाज कधी चुकत नाही, विचारा डगीला. मग छत्री कशाला म्हणजे? आता... हवेचं काय सांगावं बुवा? एखादे वेळी चुकतो माणूस— अहो, त्या बाजूला नका जाऊ! तिकडं नका वाकू, तिकडं बघण्यासारखं काही नाही, गोधडी आहे नुसती, गोधडी उचलू नका—

बघितलंत.

हो. काल सकाळीच फाटला. हाताचा पंजा जाईल आत एवढी भेग. पाऊस कुठला, मीच आदल्या रात्री चार बादल्या जास्त ओतल्या, झोप लागत नव्हती म्हणून. हळू बोला, डगी ऐकतोय. मग आता इथं उभा राहून करतोय काय म्हणता? काय करतोय... घरी गेलो तर तिला त्या पांढऱ्या कपड्यात बघावं लागेल. हात धरून चर्चमधून चालवत न्यायचं आणि तिथं त्या पोराच्या हाती सोपवायचं, आणि मग म्हणे बापानं मागं बाकावर जाऊन बसायचं. मला नाही जमायचं ते. आयलीन असती तर जमलं असतं. एकट्यानं नाही जमायचं.

भोंगा? तुमचा फोन वाजतोय होय. तीच असेल. उचलू नका. नको, उचला, म्हणावं निघालेत. बूट त्या खोपटात आहेत, दाराशीच, आणा जरा. छत्री राहू दे इथंच, रोवून ठेवा, डगी बसू दे राखण करत. हां, हा डावा. बरा दिसतोय ना मी? गुडघ्याला माती लागलीय, असू दे, ओळखेल तरी मला.

चला. आणि एक सांगतो— ती गाडीत बसली, मी तिच्या शेजारी बसलो, की तुमचा तो पुढचा आरसा फिरवून ठेवा. मागनं कोण येतंय ते नाही दिसलं तरी चालेल तुम्हाला. हळूच चालवा. आणि वळून बघायचं नाही.