ज्या क्रुसाचा मी राखणदार

अध्यक्षा रेव्हरंड फिलिपाबाई, व्यासपीठावरचे सन्माननीय पाहुणे आणि केककडे डोळे लावून बसलेले माझे नेदरकूमचे गावकरी,

चौतीस वर्षं आपल्या चर्चचा वॉर्डन होतो. पन्हळी उपसल्या, वटवाघळांची घाण काढली, छपरासाठी अर्ज खरडले. खोटं कशाला बोलू, फार दमलो. चार शब्द बोलतो आणि बसतो.

बाईंनी आत्ताच ही पाटी दाखवली. 'या क्रुसाचे राखणदार, अँब्रोज येंडल.' उद्या ती आवारातल्या जुन्या दगडी क्रुसाच्या पायरीवर बसवणार म्हणे. सहाशे वर्षांचा क्रूस. त्याचं डोकं कुणीतरी केव्हाच फोडलं, पण खांबावर कोरलेल्या मरियेचा चेहरा वाचला होता. ईस्टरच्या आधीच्या झावळ्यांच्या रविवारी मिरवणूक तिथे थांबायची आणि या समोर बसलेल्या थर्झाबाई पुढे होऊन त्या चेहऱ्यावर बोट ठेवायच्या. त्यांची आईही ठेवायची.

आता तिथे काय आहे? गुळगुळीत दगड. 'थंडीनं झिजला,' असं मीच तुम्हाला सांगितलं. मंडळी, कुठली थंडी एका आठवड्यात चेहरा खाते? बिशप येणार होते. दगडावर हिरवं-पिवळं शेवाळ. म्हटलं, पाहुण्यांसमोर शोभत नाही. तारेचा ब्रश घेतला आणि सकाळभर घासलं. नाक गेलं तेव्हाच थांबायला हवं होतं. पण अर्धा स्वच्छ, अर्धा घाण असा कसा सोडायचा? घासत राहिलो. बिशप आले ते पाऊस म्हणून मोटारीतून उतरून थेट आत पळाले. क्रुसाकडे त्यांनी ढुंकूनही पाहिलं नाही.

त्या वर्षी थर्झाबाईंचं बोट दगडावर चेहरा शोधत फिरलं. एकोणीस वर्षं मी ते बोट बघतोय. मला लाज वाटते. म्हणून ही पाटी...

काय म्हणता थर्झाबाई? जरा मोठ्यानं.

"मला त्याच दिवशी कळलं होतं रे! तुझ्या बाह्या हिरव्यागार होत्या."

मग बोलला का नाहीत?

"बोलले असते तर तू राजीनामा दिला असतास. पन्हळी उपसायला दुसरं कोण मिळणार होतं आम्हाला?"

हसा, हसा. मलाही हसू येतंय.

फिलिपाबाई, पाटी नको. केक चालेल. सगळ्यांचे मनापासून आभार. बोलण्यात चुकलंमाकलं पोटात घाला, असं म्हणणार होतो. पण थर्झाबाईंनी एकोणीस वर्षं पोटात घातलंय, त्यावर आणखी मागायला तोंड नाही. नव्या वॉर्डनसाठी किल्ल्या टेबलावर ठेवल्यात.

ब्रश मी घरी नेतोय.