पाठीवरचा हात

जनावरांच्या दवाखान्यात मांजराची टोपली मांडीवर घेऊन बसलेल्या शिवणकामवालीचे कान शेजारच्या बाकाकडे लागले होते. तिथे एक म्हातारे गृहस्थ आणि त्यांची लेक बसली होती. दोघांच्या मध्ये पोपटाच्या मादीचा पिंजरा.

"बाबा, ठमीचं हे कितवं अंडं?"

"दोन महिन्यांतलं एकोणिसावं. हेच मेलं अडकून बसलंय."

"आणि आधीची?"

"घातलं की लगेच उचलायचो. म्हटलं, बिचारीला उबवत बसायचा ताप नको."

"म्हणूनच ती पुन्हा घालत राहिली. डॉक्टर बोलले ते ऐकलंत ना? हाडांतलं सगळं सत्त्व अंड्यांत गेलं. पायावर उभी राहत नाही ती."

"ऐकलं गं. बहिरा नाही मी अजून."

"आणि ते पाठीवरून हात फिरवणं?"

"तुझी आई गेल्यापासून रोज फिरवतो. डोळे मिटून बसते लबाड."

"तेच करायचं नव्हतं. त्यानं तिला वाटतं, तुम्हीच तिचा जोडीदार. मग अंगात अंडी धरतात."



आतून मदतनीस बाई आल्या. "आजोबा, ऑपरेशनची तयारी झाली. वाचेलच असं डॉक्टर म्हणत नाहीत. एकदा भेटून घ्या."

पिंजऱ्याचं दार उघडलं, तशी ठमीनं मान खाली घालून पाठ पुढे केली.

"फिरवा बाबा. आता फिरवा हात."

"नको गं," म्हातारे हात मागे घेत म्हणाले. "आणखी एक धरायची."