समोरचा स्टँड की पोस्टाचं वळण

(मोटार शर्यतीच्या तिकिटांची खिडकी. काचेवर शहरातल्या रस्त्यांचा नकाशा चिकटवलेला. आत तिकीटवाला, बाहेर नवरा-बायको.)

नवरा: ते सगळं खरं हो, पण या खुर्चीवरून साहेब दिसतात का, तेवढं सांगा.

तिकीटवाला: दादा, तिथून गाड्या दिसतात.

नवरा: गाड्या दिसतीलच, जातायत कुठे. पलीकडे पाहुण्यांच्या गॅलरीत आमचे मोठे साहेब बसणार आहेत. त्यांनी मान वर केली की समोर मी, असं पाहिजे.

बायको: आणि मी?

नवरा: तू शेजारी. फक्त तो लाल स्वेटर घालू नकोस. लक्ष तुझ्याकडे जाईल.

बायको: भाऊ, पोस्टासमोरच्या वळणावर जागा आहे का?

तिकीटवाला: आहे की वहिनी. पण तिथे छप्पर नाही, नुसत्या फळ्या. धूळ, कानठळ्या बसवणारा आवाज.

बायको: असू द्या. सरळ रस्त्यानं सुसाट यायचं आणि पोस्टापाशी ब्रेक मारून वळायचं. जो आधी कचरतो तो मागे पडतो. खरी शर्यत तिथेच.

नवरा: हिच्या माहेरी गॅरेज होतं.

बायको: सांगताय असं, की घराण्यात दमा होता.

नवरा: अगं, यंदा बढतीचं ठरतंय.

बायको: गेल्या वर्षीही ठरत होतं. नाटकाला गेलो, तर तुम्ही स्टेजकडे पाठ करून साहेबांकडे बघत बसलात. नायिका मेली तेव्हा मोठ्यानं हसलात.

नवरा: साहेब हसले होते.

बायको: त्यांना शिंक आली होती.

तिकीटवाला: दादा, समोरच्या स्टँडमध्ये आता मागचीच रांग उरलीय. पुढचं सगळं सिमेंट कंपनीच्या लोकांनी उचललं.

नवरा: आमच्याच? जाड चष्म्याचे एक हिशेबनीस आले होते का?

तिकीटवाला: आले होते ना. हात हलवला तर पलीकडून दिसतो का ते बघायला बायकोला रस्त्यापलीकडे उभं केलं होतं त्यांनी.

नवरा: मेलो.

तिकीटवाला: पण तुमचे साहेब गॅलरीत नसणार. काल पास परत करून गेले. म्हणाले, आमच्या कंपनीचं कुणी नसेल तिथे बसवा. मी पोस्टाच्या वळणावरचं दिलं. हे खरं तर मी बोलायला नको होतं.

नवरा: वळणावरची दोन द्या. त्यांना लागून.

बायको: थांबा भाऊ. अहो, एक दिवस तरी त्या माणसाला मोकळं सोडा.

नवरा: मी बोलणार नाही काही. नुसता दिसेन.

बायको: तेच तर. भाऊ, वळणावरचं एकच द्या, साहेबांपासून लांबचं. यांना समोर, यांच्या माणसांत.

नवरा: एवढ्या वर्षांत तू कधी वेगळी बसली नाहीस.

बायको: एवढी वर्षं तुमच्या शेजारी बसून मीही साहेबच बघितले. आता गाड्या बघते.

तिकीटवाला: दादा, मागच्या रांगेतलं देऊ ना? समोरच्या गॅलरीत साहेब नसतील, आधीच सांगतो.

नवरा: द्या. नाहीतर सगळे तिथे आणि एकटा मीच नाही, हे हिशेबनीस बरोब्बर टिपेल.

बायको: घ्या. चला आता.

नवरा: ऐक ना. सोमवारी साहेबांनी विषय काढलाच, तर पंचाईत नको. कोण जिंकलं ते तू मला सांगशील ना?

बायको: अहो, शर्यत संपते ती तुमच्याच समोर.